सागवानी मोटार आणि रुसके व्याही

मोटारीची बॉडी कशी बांधावी, यावर विलायतेत मोठमोठे इंजिनियर अजून वाद घालतात असं ऐकतो. बुलढाण्यात हा वाद आमच्या कोकिळेच्या लग्नात कायमचा मिटला. तो मीच मिटवला असा माझा दावा नाही. पण मोटार माझी होती, कोकिळा माझी मुलगी होती आणि मोटारीत अडकलेले गृहस्थ माझे व्याही होते. एवढं ध्यानात घेतल्यावर श्रेय दुसऱ्या कोणाला द्यावं हे मला तरी सुचत नाही.

सोयरीक धामणगाव बढ्याची. मुलगा निवृत्ती शांत, शिकलेला, वडिलांच्या शब्दाबाहेर पाऊल न टाकणारा. अडचण होती ती वडिलांची. रंगराव पाटलांची शेती मोठी, मिशा मोठ्या, आणि रुसण्यात तर सबंध मोताळा तालुक्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पुतण्याच्या लग्नात विड्यात कात कमी पडला म्हणून ते सीमांतपूजनाच्या पाटावरून उठले आणि नवरदेवासकट वरात घेऊन परत गेले. ते लग्न मोडलं ते मोडलंच, आणि त्या बिचाऱ्या मुलीला पुढे स्थळ मिळताना तिच्या बापाची पायताणं झिजली. ही हकिकत मला ठाऊक होती. तरीही मी सोयरीक केली, कारण कोकिळेला मुलगा पसंत होता, आणि मी वकील होतो. समोरच्या पक्षाचा हेकटपणा मला नवा नव्हता.

सुपारी फुटली त्या दिवशी रंगराव म्हणाले, "वकीलसाहेब, मले तुमचं काही नको. मले फक्त मान पाह्यजे. आमच्या गावच्या एका मानसाले त्याच्या इवायानं शेगाव टेसनापासून मोटारीत नेलं. मंग मी काय बंडीत हादरत येऊ?" आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि बैलगाडीला बंडी.

"मोटार येईल," मी म्हणालो.

वकिलाच्या तोंडून उत्तर आधी निघतं, पुरावा मागाहून जमवावा लागतो.

घरी आल्यावर कौशल्याबाईंनी, म्हणजे माझ्या कुटुंबानं, उलटतपासणी घेतली.

"मोटार कोनाची?"

"आपली."

"आपली कधी झाली?"

"लग्नापर्यंत होईल."

"तुमाले सायकलवर बसता येत नाही," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. हा मुद्दा अगदी अप्रस्तुत होता, पण न्यायालय उठून गेल्यावर हरकत कोणापुढे घेणार?

मलकापूरकडच्या एका जिनिंगच्या आवारात एक मोटार बरीच वर्षं उभी होती. ती लिलावात निघाली आणि मी घेतली. किंमत विचारू नका, ती अजून घरातही सांगितलेली नाही. इंजिन शाबूत, चाकं शाबूत, लोखंडी सांगाडा शाबूत. वरचं लाकूड, गाद्या आणि टप तेवढा वाळवीनं फस्त केला होता. इंद्रभान नावाचा मोटार हाकणारा मी पगारी ठेवला. घासलेटच्या खोक्यावर बसून तो ती उघडी मोटार राजूरच्या घाटातून वर घेऊन आला. लांबून पाहणाऱ्यांना वाटलं, एक माणूस लोखंडी खाटेवर बसून पळून चालला आहे आणि खाट त्याच्यापेक्षा घाईत आहे.

आता बॉडी बांधायची. मुंबईला मोटारींच्या बॉड्या बांधणारे कारखाने होते, पण देऊळघाटला मोतीराम सुतार होता. मोतीराम बंड्या करी, बैलांच्या हलक्या दमण्या करी, वाड्यांचे दरवाजे करी. त्यानं सांगाड्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, एक कोपरा धरून हिसका दिला आणि मागं सरकला.

"वकीलसाहेब, हे तं हालते!"

"हलते म्हणजे?"

"इकून उचललं का तिकून पिळते. विलायतेचा माल अन् असा लुळा? तुमाले फसवलं."

खरं सांगायचं तर त्यात फसवणूक काहीच नव्हती. त्या काळच्या मोटारीचा सांगाडा म्हणजे दोन लांब लोखंडी बाह्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. एक चाक खड्ड्यात गेलं की तो पिळायचाच. खाटेचा एक पाय खळग्यात गेला की खाट पिळते तसा. विलायतेचे लोक हे जाणून होते. म्हणून ते बॉडी हलकी ठेवीत, सांध्यात लोकरीचा नमदा घालीत, वर कापड ताणीत, आणि सांगाड्याबरोबर तिलाही थोडं डुलू देत. पण हे मला नंतर कळलं. त्या वेळी आम्हा सर्वांना एकच गोष्ट कळत होती. ती म्हणजे मजबुती.

मजबुतीचे मुख्य पुरस्कर्ते आमचे शेजारी महादेवराव. ते बांधकाम खात्यातले पेन्शनीत निघालेले ओव्हरसियर. हलणाऱ्या वस्तूकडे ते संशयानं पाहत, पाळण्याकडेसुद्धा. रोज सकाळी दात घासत कुंपणाशी येत आणि तोंडात राखुंडी असतानाच सल्ला देत.

"भगवंतराव, पुलाचं तत्त्व लावा. पूल हलतो काय?"

"नाही."

"मंग मोटार काऊन हालावी?"

युक्तिवाद मंजूर झाला. मोतीरामनं सागवानाचे चांगले मनगटाएवढे खांब उभे केले, बाभळीच्या खुंट्या ठोकल्या आणि सगळे सांधे असे घट्ट बसवले की त्यात मुंगी शिरली असती तर गुदमरून मेली असती. महादेवरावांच्या सांगण्यावरून कापसाच्या गाठींना आवळतात त्या लोखंडी पट्ट्या आणून बॉडी चहूबाजूंनी आवळली. घाटात चोरांचं भय आणि लग्नात अंगावर दागिने, म्हणून खिडक्यांना घराच्या खिडक्यांसारखे गज बसवले. इंद्रभानची जागा पुढे उघड्यावर, त्याच्या पाठीशी सागवानी भिंत. मागे दोन्ही बाजूंना एकेक दार, आणि दारं अशी की तालुक्याच्या खजिन्याला हेवा वाटावा.

बॉडी चढवली तेव्हा खालचे स्प्रिंगचे पाटे कमानीसारखे होते ते पट्टीसारखे सरळ झाले. मोतीराम प्रेमानं बॉडीवर थाप मारून म्हणाला, "आता हे मोटार नाही मोडत, वकीलसाहेब. रस्ता मोडन."

पुढे नागपूरहून आलेल्या नव्या नियमाप्रमाणे मोटार तपासून घ्यायची होती. तपासणी कचेरीमागच्या टेनिसच्या मैदानावर. बुलढाण्यात एवढी सपाट जागा दुसरी नाही. बाकीचं गाव देवानं घाईत केलं आहे. तपासायला आलेल्या साहेबानं छडीनं बॉडी ठोकून पाहिली. छडीच मोडली. दार उघडायला सांगितलं. ते लोण्यात सुरी जावी तसं उघडलं आणि तसंच मिटलं.

"ही मोटार आहे की तिजोरी?" साहेबानं विचारलं.

"दोन्ही, साहेब," महादेवराव माझ्या वतीनं म्हणाले.

मोटार पास झाली. त्याच संध्याकाळी कौशल्याबाईंना देवदर्शनाला नेऊन आणलं. आमच्या घरापुढचा रस्ता एका अंगानं गटाराकडे उतरतो. तिथं मोटार थांबली आणि दार उघडेना.

"लोटा ना," मी बाहेरून म्हणालो.

"मी काय दळन दळून राह्यले काय? लोटूनच राह्यले!"

दुसरं दार पाहिलं, तेही उघडेना. आत कौशल्याबाई, बाहेर गल्ली. महादेवराव आले, वाकून पाहिलं आणि निदान केलं, "बॉडी ढिली आहे. आणखी पट्ट्या मारा." इंद्रभान मदत आणतो म्हणून मोटार घेऊन कचेरीकडे गेला, तर मैदानाशी पोचताच दार आपोआप उघडलं आणि माझं कुटुंब भर वस्तीतून पायी घरी आलं. त्या रात्रीच्या जेवणाबद्दल मी काही लिहीत नाही.

मोतीरामनं आणखी पट्ट्या मारल्या. दार पुन्हा मैदानावर नेऊन तपासलं. उघडलं, मिटलं, उघडलं. रोग बरा झाला अशी आम्हा तज्ज्ञांची खात्री पटली. आम्ही रोगी नेहमी सपाट जागेवरच तपासत होतो, हे कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. इंद्रभान पहाटेच मोटार घेऊन धामणगावी गेला. आत रंगराव आणि विहीणबाई अन्नपूर्णाबाई बसल्या. पुढे इंद्रभानशेजारी नवरदेव निवृत्ती बसला. बाकीची वरात बंड्यांतून निघाली. घाटात मोटारीनं जागोजाग उकळी काढली, आणि प्रत्येक वेळी बंड्यांनी तिला गाठलं; अशी वेशीपर्यंत सोबत झाली.

वेशीजवळच्या मारुतीच्या देवळापुढे सीमांतपूजनाची तयारी होती. बाजेवाले, भटजी, तांब्या घेतलेला मी, आरती घेतलेल्या कौशल्याबाई. पाट मांडण्याचं काम महादेवरावांनी स्वतःकडे घेतलं होतं. पाटलांचा पहिला पाय धुळीत न पडता थेट पाटावर पडावा, म्हणून त्यांनी मातीचा छान ओटा करून घेतला होता आणि मोटारीचं पुढचं एक चाक त्यावर चढवायचं असं ठरवलं होतं. इंद्रभाननं चाक चढवलं. दुसऱ्या बाजूचं मागलं चाक खड्ड्यात गेलं. सांगाडा जिवाच्या आकांतानं पिळला. बॉडी सागवानी, ती एका अंगानं काय, एका केसानंही पिळायला तयार नव्हती. त्या भांडणात दोन्ही दारं चौकटीत आवळली गेली.

बाजा वाजला. मी वाकलो. दार उघडलं नाही.

"उतरा, पाटील," मी म्हणालो.

"उतरतोच हाव." आतून एक धडक. "हे काऊन अडकलं?" दुसरी धडक. "ओ वकील! हे काय हाये?"

गर्दीतून मोतीराम अभिमानानं पुढे आला. "पाटील, हवं तितकं लोटा. हातभर जाड सागवान हाये. हालनार नाही."

खिडकीच्या गजांमागे रंगरावांच्या मिशा दिसल्या. त्या थरथरत होत्या. सबंध बाजार गोळा झालेला पाहून त्यांचा आवाज चढला. "मले पिंजऱ्यात घालून आनलं काय? हा मान? हे लगन मोडलं! निवृत्ती, चाल घरी!"

बाजा बंद पडला. कौशल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या दृष्टीत पुतण्याशी लग्न मोडलेली ती मुलगी मला स्वच्छ दिसली.

निवृत्ती अदबीनं खिडकीशी आला. "बाबा, तुम्ही उतरा, मग जाऊ."

"मी कसा उतरू? दार उघडन तवाच ना!"

"हो. तुम्ही उतरल्याशिवाय मी कसा जाऊ? बरं दिसत नाही."

असा आज्ञाधारक जावई मिळायला पुण्याई लागते.

"दार उघडा!" रंगराव गरजले. "मले रुसून जायचं हाये!"

मी घाबरून दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे धावलो. म्हटलं, विहीणबाईंची तरी क्षमा मागावी. तर गजांतून अन्नपूर्णाबाईंचा हात बाहेर आला आणि त्यांनी मला जवळ बोलावलं. चेहरा अगदी प्रसन्न होता.

"इवाईबुवा," त्या हळूच म्हणाल्या, "दार उघडू नका बरं. मुहूर्त होऊ द्या."

"अहो, पण पाटील..."

"त्यायले मी वळखते. रुसाले त्यायले रस्ता लागते. रस्ता नसला का ते निस्ते बोलतात, अन् बोलून बोलून त्यायले भूक लागते."

मोटारविद्येतला हा शोध सुतार, ओव्हरसियर आणि साहेब यांच्यापैकी कोणालाच लागला नव्हता. मी तिथल्या तिथं धोरण बदललं. पाय आत अडकलेले, म्हणून भटजींनी ते नुसत्या संकल्पानं धुतले. गजांतून कुंकू लागलं. कौशल्याबाई आणि अन्नपूर्णाबाई यांची विहीणभेट खिडकीतून झाली. मानाचं लुगडं आत जाताना एका गजाला अडकलं, पण फाटलं नाही.

रंगराव ओरडतच होते. त्यांच्या समाधानासाठी मोटार कचेरीच्या मैदानाकडे नेली, कारण दार तिथं उघडतं हे आता मला कळून चुकलं होतं. पण चपराशी आडवा आला. साहेब दौऱ्यावर, परवानगीशिवाय टेनिसच्या मैदानावर मोटार न्यायची नाही, रीतसर अर्ज करा. मी तिथंच बोनेटवर कागद ठेवून रीतसर अर्ज लिहिला: व्याही बाहेर काढण्याकरता मोटार सपाट जागी उभी करू द्यावी. अर्ज आत गेला. जन्मभर मी सरकारी दिरंगाईविरुद्ध भांडत आलो होतो. त्या दिवशी प्रथमच मी तिच्यावर भरवसा टाकला, आणि तिनं मला दगा दिला नाही. बऱ्याच वेळानं बाबूनं कागद परत पाठवला, शेरा मारून: "व्याही हा प्रवासी समजावा की माल, याचा खुलासा व्हावा."

"पाटील, मुहूर्त जवळ आला," मी खिडकीशी म्हणालो. "खुलासा पाठवला आहे. तोवर मांडवाशी जाऊ."

"मी मांडवात पाय ठेवनार नाही!"

"नका ठेवू," मी म्हणालो. इतक्या खात्रीनं मी पक्षकाराला कधीच आश्वासन दिलं नव्हतं.

मोटार मांडवाशी आणून अशी उभी केली की पाटलांची खिडकी थेट बोहल्यासमोर आली. एक चाक पुन्हा गटाराकडे. महादेवराव पट्ट्या तपासू लागले. मी त्यांना पंगतीची व्यवस्था पाहायला पाठवून दिलं. आत कोकिळेनं आईला विचारलं, "आई, मामंजी उतरले तर रुसतील ना?"

"हाव, बाई."

"मग राहू दे त्यांना. वारं येतं ना तिथं?"

मुलगी नांदेल, अशी माझी तेव्हाच खात्री झाली.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. रंगराव गज धरून उभे होते, म्हणजे डोक्याला टप लागेल इतके उभे. ओरडणं केव्हाच थांबलं होतं. मुंडावळ्या बांधलेला निवृत्ती खिडकीकडे पाहत होता, आणि बाप बोहल्याकडे. अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याच्या मुठीत अक्षता दिल्या.

"टाका."

"मी रुसलो हाव."

"मंग रुसून टाका."

रंगरावांनी गजांतून हात काढला आणि अक्षता फेकल्या. त्या इतक्या जोरात आल्या की भटजींचा एक श्लोक मध्येच तुटला. बाजा वाजला. पाटलांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि मोटारीच्या धुरानं डोळे चुरचुरतात असं बाहेरच्यांना सांगितलं. इंजिन मुळीच चालू नव्हतं.

मग अन्नपूर्णाबाईंचं भाकीत खरं ठरलं. पाटलांना भूक लागली. पंगतीचं ताट गजांतून जाईना, म्हणून एकेक पुरणपोळी गुंडाळून आत सारली. पोळ्या आत जाऊ लागल्या तसतसा मोटारीभोवती जमलेल्या लोकांशी संवाद वाढला.

"पाटील, आतून कशी हाये हो?"

"जड हाये. घाटात वाघ आला तं वाघच शरमून जाईन." मग आणखी एक पोळी. "सागवान पाहा ना. आमच्या इवायाची हाये."

'वकील'चा 'इवाई' झाला हे ऐकून मी मांडवाच्या खांबाला टेकलो.

उन्हं कलताना चपराशी परवानगी घेऊन आला. व्याही हा प्रवासी असल्याचं मान्य झालं होतं, मात्र मैदानाची चुन्याची रेघ मोडू नये अशी अट होती. मोटार मैदानावर उभी राहिली आणि दार कोणी हात न लावता, लाजत लाजत उघडलं.

आता रस्ता मोकळा होता. रंगराव उतरले. दाराकडे वळले. त्यांनी ते मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. मोतीरामला हाक मारली.

"काऊन रे, सागवान कुठचं?"

"मेळघाटातलं, पाटील."

"बेस हाये." मग माझ्याकडे आले आणि टेनिसच्या जाळ्याशेजारी आमची व्याहीभेट झाली. मिठी मारताना माझ्या कानाशी म्हणाले, "इवाई, आमच्या गावच्या त्या मानसाले शेगाव टेसनापासून मोटारीत घंटाभर बसवलं असन. मले दिवसभर बसवलं." आणि मिशीवर हात फिरवत घाटाकडे पाहिलं, तो माणूस तिथून दिसत असावा तसं.

पुढच्या पावसाळ्यात मोटारीच्या लोखंडी सांगाड्याला तडा गेला. बॉडीवर ओरखडासुद्धा नाही. पाहणारे म्हणत, सांगाड्यानं बॉडी उचलायची की बॉडीनं सांगाडा? महादेवरावांनी दोघांना मिळून पट्ट्या मारायला सांगितल्या, आणि इंद्रभान अजून ती चालवतो.

लग्नसराई तोंडावर आली तेव्हा एक दिवस रंगराव घरी आले. कोकिळा नि निवृत्ती खुशाल असल्याचं सांगितलं, चहा घेतला आणि बराच वेळ मोटारीभोवती फिरत राहिले. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं, चिखलीकडे. मुलगा चांगला, घर चांगलं.

"मंग मोटार पाह्यजे होती," ते म्हणाले. "त्यायले आनाले."

"तुमचीच आहे, पाटील. कधी पाठवू?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कोणी नाही याची खात्री केली आणि माझ्या अगदी जवळ आले.

"मुलाचा बाप लय रुसका हाये म्हंतात, इवाई," ते कुजबुजले. "दार तसंच अडकते ना?"